ह्युस्टनचं थरगुड मार्शल लॉ स्कूल: नवख्यांनी सुरुवात कुठून करायची

टेक्सासात वाढलेला एखादा मराठी मुलगा किंवा मुलगी कॉलेज संपत आलं की घरी सांगते, मला लॉ करायचंय, आणि घरात शांतता पसरते. इंजिनियरिंगची कॉलेजं आईबाबांना रँकिंगसकट तोंडपाठ असतात, पण लॉ स्कूल म्हटलं की हार्वर्डच्या पुढे गाडी सरकत नाही. दुसरीकडे पुण्या-मुंबईहून एलएलबी करून आलेल्या, इथे एच-फोरवर (एच-वन वर्क व्हिसावाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असलेल्या कितीतरी जणी आहेत, ज्यांना आपल्या डिग्रीचं इथे काय करायचं हेच कळत नाही. हा लेख या दोघांसाठी आहे. विषय एकच शाळा: टेक्सास सदर्न युनिव्हर्सिटीचं थरगुड मार्शल स्कूल ऑफ लॉ. ह्युस्टनच्या थर्ड वॉर्डात क्लीबर्न स्ट्रीटवर आहे, सरकारी आहे, आणि ब्लॅक विद्यार्थ्यांसाठी म्हणून सुरू झालेलं आहे. ते कशासाठी सुरू झालं ते कळलं नाही तर बाकीचं ब्रोशर वाचून काही हाती लागत नाही, म्हणून आधी इतिहास आणि मग फॉर्म.

पायरी पहिली: वेबसाइट नंतर उघडा, आधी एक निकाल वाचा

निकालाचं नाव स्वेट विरुद्ध पेंटर, अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट, ५ जून १९५०. घाबरू नका, छोटासा आहे, एका बैठकीत वाचून होतो. आणि लॉ स्कूलच्या पहिल्या दिवसापासून तुम्हाला जे रोज करायचं असतं, म्हणजे केस ब्रीफ करणं, त्याची प्रॅक्टिस याच निकालावर करा. ब्रीफ म्हणजे वहीच्या एका पानात चार गोष्टी: काय घडलं, प्रश्न काय, कोर्टाने काय ठरवलं, आणि का.

काय घडलं. हेमन मॅरियन स्वेट हा ह्युस्टनचा पोस्टमन. टपाल खात्यात ब्लॅक माणसाला क्लार्क होऊ देत नसत आणि क्लार्क झाल्याशिवाय वर चढता येत नसे, या अन्यायाविरुद्ध कागदपत्रं तयार करता करता त्याला कायद्याची गोडी लागली. फेब्रुवारी १९४६ मध्ये त्याने ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास लॉ स्कूलला अर्ज केला. मार्कांचा वगैरे काही प्रश्नच नव्हता, रंगावरून नकार मिळाला. युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट थिओफिलस पेंटर, म्हणून केसमध्ये त्यांचं नाव. मे महिन्यात स्वेट कोर्टात गेला. खालच्या कोर्टाच्या जजने मान्य केलं की याला शिकायला जागाच नाही हे चूक आहे, पण प्रवेश द्या असं म्हणण्याऐवजी सरकारला सहा महिने दिले, की तेवढ्यात त्याच्यासाठी तोलामोलाचं वेगळं लॉ स्कूल उभं करा.

आणि सरकारने खरंच केलं. ३ मार्च १९४७ ला कायदा पास झाला, ह्युस्टनमध्ये टेक्सास स्टेट युनिव्हर्सिटी फॉर निग्रोज (आजची टेक्सास सदर्न) काढायची, तिथे लॉ स्कूल असेल, आणि ते तयार होईपर्यंत ऑस्टिनमध्ये तात्पुरतं चालवायचं. १० मार्चला, म्हणजे आठवडाभरात, कॅपिटलजवळ, म्हणजे टेक्सासच्या विधिमंडळाच्या इमारतीजवळ, ईस्ट १३ स्ट्रीटवर एका इमारतीच्या तळघरातल्या काही खोल्यांत ते तात्पुरतं लॉ स्कूल उघडलं. शिकवायला युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासचेच प्रोफेसर येऊन जाऊन, पुस्तकांसाठी कॅपिटलमधली स्टेटची लायब्ररी वापरायची. एका पोस्टमनला आत घ्यायला लागू नये म्हणून एक अख्खी युनिव्हर्सिटी, हे मला आजही अजब वाटतं. स्वेटने तिथे नाव घातलं नाही.

प्रश्न काय. असं वेगळं लॉ स्कूल समान म्हणायचं का?

कोर्टाने काय ठरवलं. नाही, आणि एकमताने नाही. स्वेटला युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासमध्येच घ्या.

आता का, आणि हा भाग नीट वाचा कारण पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये तो लागणार आहे. चीफ जस्टिस फ्रेड विन्सन यांनी आधी सरळ हिशोब मांडला. युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासकडे १६ पूर्णवेळ आणि ३ अर्धवेळ प्रोफेसर, ८५० विद्यार्थी, ६५ हजारांवर पुस्तकं. तळघरातल्या शाळेकडे स्वतःचा एकही प्रोफेसर नाही, मागवलेल्या १० हजार पुस्तकांपैकी थोडीच आलेली, मान्यता नाही. निकाल येईपर्यंत ह्युस्टनची शाळा उभी राहिली होती, तिचाही हिशोब निकालात आहे: ५ प्रोफेसर, २३ विद्यार्थी, साधारण १६,५०० पुस्तकं, एक प्रॅक्टिस कोर्ट, आणि टेक्सास बारमध्ये, म्हणजे सनद मिळालेल्या वकिलांत, पोचलेला एक माजी विद्यार्थी. पण कोर्ट तिथे थांबलं नाही. विन्सन म्हणाले की लॉ स्कूल मोठं होतं ते मोजता न येणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे प्रोफेसरांचं नाव, माजी विद्यार्थी कुठे बसलेत, समाजात पत काय, परंपरा काय. आणि वकिली एकट्याने खोलीत बसून शिकता येत नाही, स्टेटच्या ज्या ८५ टक्के लोकांमधून उद्याचे वकील, साक्षीदार, ज्युरी आणि जज येणार त्यांनाच वगळून ही शाळा स्वेटला काय शिकवणार?

गंमत अशी की वेगळं पण समान हे तत्त्व, जे १८९६ पासून प्लेसी केसने चालत आलं होतं, ते या निकालाने मोडलं नाही, कोर्टाने त्याला हातच लावला नाही. ते चार वर्षांनी शाळांबद्दलच्या ब्राऊन केसमध्ये मोडलं. पण ब्राऊनच्या निकालात स्वेटचा दाखला आहे.

स्वेटचं पुढे काय झालं ते पण वाचून ठेवा. सप्टेंबर १९५० मध्ये तो युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासमध्ये गेला, पण तोवर तब्येत आणि संसार दोन्ही पार थकले होते आणि १९५२ मध्ये डिग्री न घेताच बाहेर पडला. मग अटलांटाला सोशल वर्कची मास्टर्स केली आणि आयुष्यभर त्याच क्षेत्रात राहिला. आज ऑस्टिनच्या ट्रॅव्हिस काउंटी कोर्टहाउसला त्याचं नाव आहे, त्याची केस जिथे सुरू झाली त्याच काउंटीच्या कोर्टाला.

पायरी दुसरी: शाळेला मार्शलचं नाव का, हे समजून घ्या

स्वेटचा वकील थरगुड मार्शल, एनएएसीपी या ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेचा. बाल्टिमोरचा माणूस, पण घरच्या मेरीलँड युनिव्हर्सिटीचं लॉ स्कूल ब्लॅक मुलांना घेत नव्हतं म्हणून वॉशिंग्टनच्या हॉवर्डला शिकला, १९३३ मध्ये वर्गात पहिला आला. पुढे १९६७ ते १९९१ सुप्रीम कोर्टात, पहिला ब्लॅक जस्टिस. आता बघा, मार्शलने स्वेटच्या केसमध्ये जे मांडलं ते थेट या शाळेच्या विरोधात होतं. ही शाळा म्हणजे डोळ्यात धूळफेक आहे, असं त्याचं म्हणणं. आणि १९७६ मध्ये त्याच शाळेला त्याचं नाव दिलं गेलं.

ह्युस्टनच्या ब्लॅक समाजात तेव्हा यावरून चांगलीच जुंपली होती. एनएएसीपीच्या ह्युस्टन शाखेच्या लुलू व्हाइट, ज्यांनी स्वेटला पुढे आणलं, त्यांचं म्हणणं मार्शलसारखंच, सरकारने दिलेला हा तुकडा घ्यायचा नाही, लढाई फक्त समान प्रवेशाची. दुसऱ्या बाजूला ह्युस्टन इन्फॉर्मर पेपरचे मालक कार्टर वेस्ली, ते म्हणायचे की लढाई चालू ठेवा पण मिळतेय ती युनिव्हर्सिटी पण घ्या, आपली पोरं आत्ता शिकतील. जुने मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले. आपल्याकडे राखीव जागा, वेगळी वसतिगृहं, वेगळे मतदारसंघ यावरून जे वाद झाले ते ज्यांनी वाचलेत त्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल. आणि धागा नुसता वाटण्यापुरता नाही. स्वेट कोर्टात गेला त्याच १९४६ च्या जुलैत डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या ब्लॅक लोकांनी युनायटेड नेशन्सकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती, आणि ड्यूबॉइसनी महिनाअखेरीस उत्तरही दिलं. दोघं कशावरून एकमेकांना लिहीत होते हे बघायचं असेल तर ती पत्रं मुळातून वाचा.

माझं विचाराल तर वेस्ली आणि व्हाइट दोघंही बरोबर होते. निकालाने युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासचं दार उघडलं, आणि ह्युस्टनची शाळा बंद पडण्याऐवजी चालू राहिली. तिचा पहिला पदवीधर हेन्री डॉयल पुढे टेक्सासच्या अपील कोर्टावरचा पहिला ब्लॅक जज झाला. १९६० मध्ये ह्युस्टनमधलं पहिलं सिट-इन (ठिय्या आंदोलन) झालं, ४ मार्चला, टेक्सास सदर्नच्या झेंड्याच्या खांबापासून विद्यार्थी चालत निघाले आणि अल्मेडा रोडवरच्या वाइनगार्टन सुपरमार्केटच्या लंच काउंटरवर जाऊन बसले. त्यांचा पुढारी एल्ड्रूवी स्टर्न्स याच लॉ स्कूलचा विद्यार्थी. क्रेग वॉशिंग्टन १९६९ चा, आधी टेक्सासच्या विधिमंडळात आणि मग वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये.

आणि एक गोष्ट मोकळेपणाने बोलू, कारण आपल्या घरांत ती दबक्या आवाजात बोलली जाते: ब्लॅक कॉलेज आहे ना, मग आपल्या मुलीला तिथे कसं वाटेल? हे दार आज कोणाच्याही रंगावरून बंद नाही. वर्गात ब्लॅक आणि हिस्पॅनिक विद्यार्थी सगळ्यात जास्त, पण गोरे आणि एशियन पण असतात, देशातल्या सगळ्यात मिश्र वर्गांपैकी हा एक. विन्सनच्या त्या ८५ टक्क्यांच्या मुद्द्याने बघायला गेलं तर आजच्या ह्युस्टनचे ज्युरी, साक्षीदार आणि अशील ज्या समाजांतून येतात ते तुम्हाला या वर्गात पहिल्या दिवशीच भेटतात.

पायरी तिसरी: बाकीच्या बहिणींकडे पण नजर टाका

१९३८ मध्ये गेन्स केसमध्ये सुप्रीम कोर्टाने मिझुरीला सांगितलं की ब्लॅक विद्यार्थ्याला फी देऊन शेजारच्या स्टेटला पाठवणं चालणार नाही, स्वतःच्या स्टेटमध्ये सोय करा. त्यानंतर दक्षिणेतल्या स्टेट्सनी धडाधड वेगळी लॉ स्कूल काढली. काही बंद पडली. सरकारी अशी आज पाच आहेत, आणि खाजगी हॉवर्ड धरून सहा.

नॉर्थ कॅरोलिना सेंट्रल, डरहॅममध्ये, १९३९ चं. रिसर्च ट्रायँगलमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना हे घराजवळ पडेल. सदर्न युनिव्हर्सिटी लॉ सेंटर, बॅटन रूज, १९४७, पण लक्षात ठेवा लुइझियानाचा कायदा फ्रेंच-स्पॅनिश वळणाचा सिव्हिल लॉ आहे आणि तिथली बार परीक्षा वेगळी, टेक्सासला परत यायचं असेल तर विचार करून जा. फ्लोरिडा ए अँड एमची कहाणी सगळ्यात कडू, १९४९ मध्ये स्थापन, १९६८ मध्ये सरकारने बंद केलं आणि त्याच सुमाराला शेजारच्या फ्लोरिडा स्टेटला नवं लॉ स्कूल दिलं, मग थेट २००२ मध्ये ऑरलँडोत पुन्हा उघडलं. आणि वॉशिंग्टन डीसीचं डेव्हिड ए. क्लार्क, त्याचं मूळ १९७२ चं अँटिओक लॉ स्कूल, तिथे गरीब अशिलांसाठी क्लिनिकमध्ये काम करणं सक्तीचं आहे. पब्लिक इंटरेस्टचंच काम करायचंय असं आधीपासून पक्कं असेल तर ते जरूर बघा.

पायरी चौथी: तिथे मिळतं काय

मुख्य कोर्स जेडी, म्हणजे इथली वकिलीची मूळ डिग्री, तीन वर्षं, आधी कुठल्याही विषयातली बॅचलर्स लागते. आपल्याकडचं बारावीनंतरचं पाच वर्षांचं लॉ इथे नाही. पहिलं वर्ष सगळ्या अमेरिकेत जवळपास सारखंच: कॉन्ट्रॅक्ट्स, टॉर्ट्स, प्रॉपर्टी, सिव्हिल प्रोसिजर, क्रिमिनल लॉ आणि लीगल रायटिंग. युनिव्हर्सिटीच्या बिझनेस स्कूलबरोबर एमबीए किंवा बार्बरा जॉर्डन–मिकी लीलँड स्कूल ऑफ पब्लिक अफेअर्सबरोबर पब्लिक अ‍ॅडमिनिस्ट्रेशन अशी जोड डिग्री पण करता येते, पण ते कोणाच्या सांगण्यावरून करू नका, एक वर्षाची फी आणि एक वर्षाचा पगार दोन्ही त्यात जातात.

खरी गोष्ट आहे क्लिनिक आणि अर्ल कार्ल इन्स्टिट्यूट. क्लिनिक म्हणजे प्रोफेसरच्या देखरेखीखाली खरे अशील, खरे कागद, खरं कोर्ट. अर्ल कार्लमध्ये चुकीने शिक्षा झालेल्या लोकांच्या केसेस बघतात, आणि एक प्रॉपर्टी प्रोजेक्ट आहे, ओपल ली यांच्या नावाचा, त्याबद्दल थोडं जास्त सांगतो कारण आपल्या लोकांना ते चटकन कळेल. थर्ड वॉर्डसारख्या भागात आजोबांनी घर घेतलं, मृत्युपत्र न करता गेले, मग मुलं, नातवंडं, पुतणे सगळ्यांची नावं त्या घरात अडकली. टायटल कोणाच्याच नावावर साफ नाही, म्हणून दुरुस्तीला कर्ज मिळत नाही, वादळानंतरची सरकारी मदत मिळत नाही, आणि मग एखादा बिल्डर एका वारसाचा हिस्सा स्वस्तात घेऊन सगळं घर विकायला लावतो. सातबाऱ्यावर बारा नावं असलेल्या घरातून आलेल्या माणसाला यात वेगळं काही समजावून सांगायची गरज नाही. अशा घरांची कागदपत्रं साफ करायचं काम विद्यार्थी करतात, आणि प्रॉपर्टीच्या लेक्चरमध्ये जे डोक्यावरून जातं ते इथे समजतं.

इमिग्रेशन अँड नॅचरलायझेशन लॉमधली एलएलएम (कायद्यातली मास्टर्स) पण इथे आहे. एलएलबीवाल्यांनो, इथे जरा थांबा. इमिग्रेशनचा कायदा फेडरल आहे, म्हणजे कुठल्याही एका स्टेटच्या बारचा मेंबर असलेला वकील देशभर ते काम करू शकतो. पण नुसती एलएलएम केली म्हणजे टेक्सास बारला बसता येईलच असं नाही, परदेशी डिग्रीवाल्यांसाठी नियम वेगळे आहेत आणि एलएलएममध्ये कुठले विषय किती क्रेडिट्सचे घेतले यावर ते ठरतं. फी भरायच्या आधी टेक्सास बोर्ड ऑफ लॉ एक्झामिनर्सचे परदेशी वकिलांसाठीचे नियम उघडा, आपली डिग्री समोर ठेवून एकेक ओळ ताडून बघा, शंका राहिली तर बोर्डाला ईमेल करून उत्तर लेखी घ्या. अ‍ॅडमिशन ऑफिसच्या तोंडी उत्तरावर विसंबू नका, ते त्यांचं कामच नाही.

पायरी पाचवी: ५०९ रिपोर्ट उघडा

अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेल्या प्रत्येक लॉ स्कूलला, आणि या शाळेला ती १९४९ पासून आहे, दरवर्षी डिसेंबरमध्ये आपले आकडे ठराविक नमुन्यात जाहीर करावे लागतात. त्याला ५०९ रिपोर्ट म्हणतात. शाळेच्या वेबसाइटवर तळाशी कुठेतरी असतो, शोधा. यात तीन जागा बघा.

एलसॅट (लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा) आणि जीपीए (कॉलेजच्या ग्रेडची सरासरी) यांचे तीन आकडे, मधला म्हणजे मिडियन. तुमचा स्कोर मिडियनच्या वर असेल तर स्कॉलरशिपची शक्यता वाढते.

अ‍ॅट्रिशन, म्हणजे पहिल्या वर्षानंतर किती जण गळले. हा तक्ता अ‍ॅकॅडेमिक आणि इतर असा वेगळा दिलेला असतो. ज्या शाळा कमी एलसॅटवाल्यांना संधी देतात त्यांच्याकडे पहिल्या वर्षाच्या शेवटी चाळणी लागते, हे लपवलेलं नाही, फक्त बघायला कोणी जात नाही. संधी देणं मला चांगलंच वाटतं, पण ती संधी फुकट नसते, एक वर्षाची फी आणि कर्ज तुमच्या डोक्यावर राहतं.

कंडिशनल स्कॉलरशिप. काही शाळा स्कॉलरशिप देतात आणि म्हणतात अमुक ग्रेडच्या वर राहिलात तरच पुढे चालू. पण पहिल्या वर्षाला ग्रेड कर्व्हवर असतात, म्हणजे सगळ्यांनी कितीही अभ्यास केला तरी ठराविक लोक खाली राहणारच. गेल्या वर्षी किती जणांची स्कॉलरशिप गेली किंवा कमी झाली तो आकडा इथे असतो.

बार पासचा रिपोर्ट वेगळा असतो, तो पण उघडा. पहिल्या प्रयत्नाचा आकडा एक, आणि दोन वर्षांच्या आतला दुसरा. असोसिएशनचा नियम असा की परीक्षेला बसलेल्यांपैकी ७५ टक्के दोन वर्षांच्या आत पास झाले पाहिजेत. एका वर्षाच्या आकड्याने हुरळू नका आणि खचू पण नका, तीन-चार वर्षांचे शेजारी शेजारी लिहा आणि त्याखाली युनिव्हर्सिटी ऑफ ह्युस्टन आणि साउथ टेक्सास कॉलेज ऑफ लॉ, ही गावातलीच दोन, त्यांचे लिहा. कॉर्पोरेट फर्ममध्ये मोठ्या पगाराची नोकरी हेच ध्येय असेल तर नोकऱ्यांच्या रिपोर्टमध्ये मोठ्या फर्मचा रकाना बघा, तिथे तुम्हाला उत्तर मिळेल आणि ते आवडेलच असं नाही. काउंटी कोर्टात, डीए (सरकारी वकील) किंवा पब्लिक डिफेंडरच्या (गरीब आरोपींना सरकारने दिलेल्या वकिलाच्या) ऑफिसात, स्वतःच्या छोट्या फर्ममध्ये, इमिग्रेशनमध्ये काम करायचं असेल तर गोष्ट वेगळी, हॅरिस काउंटीच्या कोर्टांत या शाळेची माणसं जागोजागी बसलेली आहेत. विन्सनने म्हटलेली ती माजी विद्यार्थ्यांची पत हीच, फक्त ती कुठे चालते आणि कुठे नाही ते ओळखून घ्या.

पायरी सहावी: अर्ज

एलसॅट १२० ते १८० मध्ये मोजतात. ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्स काढून टाकलेत, त्यामुळे जुनी पुस्तकं कोणी फुकट देत असेल तर तो भाग सोडून वापरा. आता लॉजिकल रीझनिंग आणि रीडिंग. आपल्या इंजिनियर मुलांना लॉजिक येतं पण रीडिंगमध्ये वेळ पुरत नाही, हे नेहमीचं. एलसॅटवाल्यांच्याच लॉहब या साइटवर फुकट प्रॅक्टिस टेस्ट आहेत, आधी त्या संपवा, मग क्लासला पैसे घालायचे का ते ठरवा.

सगळे कागद एलसॅकमार्फत, म्हणजे एलसॅट घेणाऱ्या संस्थेमार्फत, जातात, तुम्ही थेट शाळेला पाठवायचे नाहीत. भारतातली डिग्री असेल तर युनिव्हर्सिटीने ट्रान्सक्रिप्ट सीलबंद पाकिटात थेट एलसॅकला पाठवायचं असतं, आणि आपल्या युनिव्हर्सिट्यांच्या परीक्षा विभागाचा वेग तुम्हाला माहीत आहे. फॉल प्रवेशासाठी हे काम आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात सुरू करा, तिथे कोणीतरी चुलतभाऊ खिडकीवर जाऊन उभा राहील अशी सोय करा, आणि पाकिटावर एलसॅकचा फॉर्म जोडायला विसरू नका नाहीतर पाकीट कोणाचं हेच कळत नाही.

पर्सनल स्टेटमेंटमध्ये गांधी आणि मार्टिन ल्युथर किंग यांच्यावरचा पॅराग्राफ कृपा करून टाकू नका. प्रत्येक भारतीय टाकतो. हा इतिहास वाचून तुम्हाला काही खरंच भिडलं असेल तर लिहा, नसेल तर स्वतःच्या कामाबद्दल लिहा, आजीच्या घराच्या कागदांसाठी तहसील कचेरीत घातलेल्या फेऱ्या पण चालतात.

कॅरेक्टर अँड फिटनेसच्या प्रश्नांना सगळं सांगा. कॉलेजमध्ये असताना झालेली दारूची केस, कॉपीची चौकशी, मिटलेलं आहे असं वाटणारं सगळं. तीन वर्षांनी बार बोर्ड तुमचा हा अर्ज मागवून घेतं आणि शेजारी ठेवून ताडतं, आणि लपवलेल्या छोट्या गोष्टीने मूळ गोष्टीपेक्षा जास्त नुकसान होतं.

पायरी सातवी: पैसे आणि व्हिसा

सरकारी शाळा असल्याने टेक्सास रेसिडेंटची फी बरीच कमी. रेसिडेंट ठरायला सेमिस्टर सुरू होण्याआधी १२ महिने टेक्सासात घर-संसार असल्याचं दाखवावं लागतं. एच-वन, एच-फोरवाल्यांना यात संधी असते, एफ-वनवर (स्टुडंट व्हिसावर) आलेल्याला नाही. लीज, ड्रायव्हिंग लायसन्स, टॅक्सचे कागद एका फाइलमध्ये आधीपासून ठेवा. एच-फोरवर शिकता येतं, पगारी काम मात्र ईएडी (काम करायचा परवाना) असेल तरच, त्यामुळे उन्हाळ्यातली पगारी नोकरी धरून बजेट करू नका.

फेडरल कर्ज सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच. त्यातही १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस कर्ज बंद आहे आणि लॉसारख्या कोर्सला वर्षाला ५० हजार डॉलर, एकूण २ लाख अशी मर्यादा आहे. महागड्या खाजगी शाळांचं गणित यामुळे बिघडलंय, सरकारी शाळांकडे लोक नव्याने बघायला लागलेत त्याचं एक कारण हे पण.

पायरी आठवी: एकदा जाऊन या

मेट्रोच्या पर्पल लाइनने डाउनटाउनहून थेट जाता येतं, युनिव्हर्सिटी ऑफ ह्युस्टन शेजारीच आहे. अ‍ॅडमिशन ऑफिसला ईमेल करून पहिल्या वर्षाच्या एका लेक्चरला बसायची परवानगी मागा. प्रोफेसर एखाद्याला नाव घेऊन उभं करतो आणि केसवर प्रश्नामागून प्रश्न विचारतो, ते बघून घ्या, ब्रोशरमध्ये ते येत नाही. नंतर लायब्ररीत बसलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या कोणालाही विचारा की पहिल्या सेमिस्टरला काय जमलं नाही, लोक सांगतात. वेळ असला तर कॅम्पसवर जॉन बिगर्स यांनी उभा केलेला आर्ट डिपार्टमेंटचा वारसा, हॅना हॉलमधली भित्तिचित्रं, आणि जवळच इमॅन्सिपेशन पार्क. १८७२ मध्ये नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या लोकांनी जूनटीन्थ, म्हणजे गुलामी संपल्याचा दिवस, साजरा करायला वर्गणी काढून १ हजार डॉलरला दहा एकर जागा घेतली, ती ही.

पायरी नववी: प्रवेश मिळाल्यावर

पहिल्या सेमिस्टरला सगळे मार्क शेवटच्या एका परीक्षेवर, अधेमधे सांगणारं कोणी नाही. म्हणून चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून प्रत्येक विषयाची आउटलाइन (मुद्द्यांचं टिपण) स्वतः लिहायला घ्या. सीनियरची तयार आउटलाइन मिळते, ती वाचा पण त्यावर जगू नका, परीक्षेत उपयोगी पडतं ते लिहिताना जे डोक्यात बसलं तेच. प्रोफेसरच्या जुन्या परीक्षा मागून घ्या आणि घड्याळ लावून सोडवा. पाठांतराची सवय आपल्याला फार, इथे कलम पाठ म्हटल्याने अर्धेच मार्क मिळतात, बाकीचे मार्क दोन्ही बाजू मांडण्याचे असतात.

अभ्यासाचा ग्रुप करा आणि तो देशी ग्रुप नको. तीन वर्षांनी कोर्टात समोरच्या टेबलावर कोण असणार, जज कोण होणार, हे त्याच वर्गात ठरतंय, आणि दर शुक्रवारी फक्त आपल्याच चार जणांत जेवणार असाल तर इथे येऊन काय मिळवलं.

नैतिकतेची एमपीआरई परीक्षा शिकता शिकताच देऊन टाका, टेक्सासला ८५ लागतात. बारची मुख्य परीक्षा २७० ला पास, आणि ती बहुतेक स्टेट्ससारखीच असल्याने स्कोर दुसरीकडे पण नेता येतो. जुलै २०२८ पासून टेक्सासमध्ये परीक्षेचा नवा नमुना येतोय, तेव्हा २०२५ च्या फॉलला किंवा त्यानंतर जेडीला लागलेल्यांनी सीनियरकडून बार तयारीचे जुने संच विकत घेऊ नयेत.